खांबावर न चढलेलं विमान

गोदाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या घरी मेथी निवडत बसले होते. "आक्का, आत्या गेली," माझा धाकटा भाऊ प्रकाश म्हणाला. मागं दवाखान्यातल्या कुठल्यातरी खाटेची चाकं वाजत होती. सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तो तिला वालूरहून गाडीत घालून निघाला होता, आणि सेलू मागं पडल्यावर ती मान कलती करून बसली ती तशीच राहिली. त्याला वाटलं, झोपली. हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं नाक ओढलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आनि आण्णासाहेबांचा फोन येऊन गेला. फाट्यावरच्या खांबाचं काय करायचं म्हनून इचारायलेत." माणूस जाऊन दोन तास झाले नव्हते. बातमी आमच्या आधी फाट्यावर पोचली होती.

खांबाचं काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझ्या आत्याच्या मालकीचं एक विमान होतं. खेळण्यातलं किंवा चित्रातलं नव्हे, खरं विमान. पूर्वी कपाशीवर फवारणी करायला जी विमानं यायची त्यांपैकी एक, पिवळं, एकाच माणसाला बसता येईल असं, एकावर एक दोन पंखांचं. वालूरला आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते वीसेक वर्षं उभं आहे. तालुक्यातले एक पुढारी आहेत, सगळे त्यांना आण्णासाहेब म्हणतात. ते विमान फाट्यावर उंच खांबावर चढवायचं, खाली कारंजं करायचं आणि त्या जागेला विमान चौक म्हणायचं, हे त्यांनी दोन वर्षांपासून मनात घेतलं होतं. आत्या नाही म्हणत होती. आता नाही म्हणायला ती उरली नव्हती, आणि प्रकाशच्या त्या फोनमध्ये मला पहिल्यांदा भीती वाटली ती याचीच... की तिला पोचवून आल्यावर आठवड्याभरात आम्ही तिचं विमानही पोचवू.

आत्या बारा-तेरा वर्षांची असताना तिनं ते पहिल्यांदा पाहिलं. त्या काळी विमानानं फवारणी व्हायची तेव्हा वैमानिकाला वरून अंदाज यावा म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना पांढरा झेंडा घेऊन माणसं उभी करत. विमान झेंड्याच्या रोखानं यायचं, डोक्यावरून जायचं, मग झेंडेवाल्यानं काही पावलं बाजूला सरकायचं, की पुढचा पट्टा. आमच्या शेतात एका टोकाला माझे आजोबा, म्हणजे आबा, उभे होते आणि दुसऱ्या टोकाला एक गडी. विमान पहिल्यांदा समोरून आलं तसा गडी झेंडा टाकून पळाला. पुढचं आत्याच्याच तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते माझंच वाटतं. "झेंडा भुईवर पडला हुता. म्या उचलला. बांधावरून समदे वरडायलेत, पोरी बस खाली, मरशील. म्या न्हाई बसले. आनि त्ये माझ्या झेंड्यावर आलं गं सुधा. आबाच्या शब्दावर न्हाई, दादाच्या न्हाई. म्या सरकले तसं त्ये बी सरकलं." मग ती म्हणायची, "आबानं मागनं थोबाडीत दिली म्हना. पन तवर विमान माझं झालं हुतं."

त्या रात्री तिला उलट्या झाल्या, अंगावरच्या परकराचा वास चार धुण्यांत गेला नाही. मी शिकले-सवरलेली, पुस्तकांत राहणारी. मी एकदा तिला विचारलंच, की ज्यानं तुझ्यावर विष शिंपडलं त्याच्यावर एवढी माया कशी? ती कपाशी वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "विष टाकीत हुतं. टाकी मानसानं भरली हुती. विमानाला कामून नाव ठिवतीस?" विमान आणल्यावर तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल तर ती टाकी काढून लांब नेली आणि खोल खड्डा करून पुरली. त्या जागेवर तिनं कधी काही पेरलं नाही.

तिचं लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. ती वालूरला परत आली ती भावाच्या दारात पडून राहायला नव्हे. आपल्या वाट्याची जमीन मागून घेतली आणि स्वतः कसली. माझे वडील तिचे थोरले भाऊ. तेही तिला वचकून असत. मी परभणीला एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाले, आणि बाजाराच्या कामानं परभणीला आली की ती माझ्या वाचनालयात येऊन बसायची. चौथीपर्यंतच शिकलेली, पण वर्तमानपत्राचं पान न पान वाचायची, जाहिरातींसकट. तिथंच एका दुपारी तिनं माझ्या टेबलावर बोट आपटलं. जुन्या सामानाच्या लिलावाची नोटीस होती: डिझेल पंप, लोखंडी कपाटं, आणि सगळ्यात शेवटी फवारणीचं एक निकामी विमान. दक्षिणेकडच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर ते गवतात उभं होतं. "त्येच हाय," ती म्हणाली. त्याच विमानानं वालूरला फवारणी केली होती का, हे मी कधीच पडताळलं नाही. आयुष्यभर संदर्भ पडताळणं हेच माझं काम होतं, पण तो एक संदर्भ मी तिचा शब्द म्हणून ठेवून दिला.

तिनं ते आणलं तेव्हा मी बरोबर होते. धड एका ट्रकवर, शेपूट मागं बाहेर लोंबणारं, आणि सोडवलेले पंख ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या पेंढ्यांवर. गंगाखेडला गोदावरीच्या पुलाआधी आम्ही अडकलो. गळीत हंगाम चालू होता, उसाच्या बैलगाड्यांची रांग पार लांबपर्यंत लागलेली, आणि त्या रांगेत आमचं विमान. एका गाडीवर उसाच्या मोळीवर बसलेली बाई किती तरी वेळ निरखून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "काय हो मावशी, ह्येचा बी रस काढायलाय का कारखाना?" आजूबाजूचे गाडीवाले खो खो हसले. आत्या ट्रकच्या खिडकीतून बाहेर वाकली. "ह्येचा रस काडायला तुझ्या कारखान्याचे दात पुरायचे न्हाईत बाई. सरक, बैल बाजूला घे." बाईनं हसत हसत बैल बाजूला घेतले. मला आठवतं, पुलावरून जाताना खालून वारा आला आणि ट्रॉलीतला एक पंख जरासा उचलला गेला, दोरीला ताण देत. आत्यानं माझा हात दाबला.

पंखांचं कापड कुजून गेलं होतं. आत लाकडाच्या फासळ्या होत्या, पण वर नुसत्या चिंध्या. विमानाचं कापड नगाऱ्यासारखं ताठ लागतं एवढं तिला ठाऊक होतं, आणि कापड ताठ कशानं होतं हे तर वालूरमधल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. खळीनं. तिनं सेलूच्या दुकानातून मांजरपाट आणलं, गावातल्या चार-सहा जणी बोलावल्या, आणि वाकळ शिवावी तसं ते फासळ्यांवर टाके घालून शिवलं. मग मोठ्या काहिलीत ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि कुंच्यांनी पंखांवर चढवली. उन्हात वाळल्यावर पंख असे तडतडीत झाले की टिचकी मारली तर हलगी वाजावी. बायका पंखाला टिचकी मारून एकमेकींना ऐकवत होत्या. आत्या पंखाभोवती फेऱ्या मारत होती. मी तिला इतकी खूश क्वचितच पाहिली असेल.

श्रावणात खळीला ओल लागली, वास सुटला, आणि एका दुपारी शेडचं दार उघडं राहिलं. शेजारच्या बांधावरच्या शेळ्या आत शिरल्या. आत्या पोचली तोवर खालच्या पंखाची मागची सगळी कड त्यांनी खाऊन टाकली होती. शेळ्यांचा मालक हसून हसून लोटपोट झाला. "गोदाबाय, तुझं विमान माझ्या शेळ्यांनी खाल्लं की गं!" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खाऊ दे. आता त्या बांधावर चरायच्या न्हाईत, ढगावर चरतील. दूध काडायला शिडी लावून चढ." ती त्याच्यापुढं हसली. पण गोष्ट पंचक्रोशीत गेली. पुढं कित्येक वर्षं प्रकाश सेलूच्या बाजारात गेला की कुणीतरी विचारायचंच, "काय पर्काशराव, विमानाला वैरन टाकली का?" आत्याला त्याचं काही वाटायचं नाही. प्रकाशला वाटायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आण्णासाहेबांच्या खांबाला तो मनातून का कबूल झाला होता ते यात आहे. तो मला म्हणाला होता, "लोक हसतेत आक्का. मानूस लाजून मरतंय. चौकात उंचावर गेलं तर निदान मान वर करून तरी बघतील."

विमानाचं कापड कसं ताणतात हे मग मी इंग्रजी पुस्तकांतून शोधून काढलं. त्याला वेगळं रोगण असतं, डोप म्हणतात. ते हैदराबादहून मागवलं. त्याला नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यानं माखलेले असत आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या नाकाला पदर लावून म्हणत, "ह्या वयात हौस आली बाईला." इंजिनासाठी नांदेडहून जमीलभाई यायचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. इंजिन गोल होतं, मधल्या दांड्याभोवती सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले. खालच्या पाकळ्यांत हळूहळू तेल उतरतं आणि साचतं. न बघता एकदम चालू केलं तर आतला दांडा वाकतो, इंजिन संपतं. म्हणून अधूनमधून समोरचा पंखा हातानं फिरवत राहायचा. "बाई, इंजन को सोने देव, मरने नक्को देव," जमीलभाई म्हणाले. आणि दुसरं म्हणाले, "अटक्या तो जोर नक्को." अडलं की थांबायचं, खालचा प्लग काढायचा, तेल गळून जाऊ द्यायचं, मग पुन्हा. आत्या आयुष्यात कुठं अडली आणि तिनं जोर केला नाही असं झालं नव्हतं. जमिनीसाठी भावाशी, पाण्यासाठी शेजाऱ्याशी, रस्त्यासाठी पंचायतीशी. पण त्या पंख्यापुढं ती एकदाही जोराला आली नाही. अडला की हात काढून घ्यायची आणि शेजारी डबा लावून तेल गळताना बघत बसायची.

तिनं त्यासाठी शुक्रवार धरला. दर शुक्रवारी, सकाळची कामं उरकली की. पंख्याला हात लावायच्या आधी स्विच बंद आहे याची खात्री करायची असते, नाहीतर इंजिन अवचित पेटून पातं माणसाला मारतं. त्याची रीत अशी की पंख्याजवळच्यानं ओरडून विचारायचं आणि आत बसलेल्यानं बघून ओरडून उत्तर द्यायचं. आत बसायला बहुतेक वेळा कुणी नसे. मग आत्या आधी शिडीवरून चढून स्विच बघायची, खाली उतरून पुढं यायची, "स्विच बंद?" म्हणून मोठ्यानं विचारायची आणि तितक्याच मोठ्यानं आपणच उत्तर द्यायची, "बंद!" रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं म्हातारी विमानाशी भांडते आहे.

वर्षातून एकदा, खांडेनवमीला, ती इंजिन चालू करायची. शेपूट दोरखंडानं लिंबाच्या बुंध्याला बांधलेलं, चाकांना दगड. विधवा बाईनं पूजा करायची नसते म्हणून पहिल्या वर्षी भावकीतल्या एका काकांनी तिच्या हातातलं ताट घ्यायला हात पुढं केला. तिनं ताट दिलं नाही. "ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं," म्हणाली, आणि पंख्याच्या बोंडाला हळदकुंकू लावून नारळ बाजूच्या दगडावर फोडला. त्याच काकांनी मग टोमणा मारला. "जे उडत न्हाई त्येला विमान कामून म्हनायचं गोदे?" ती लगेच म्हणाली, "तुमी आज घरी आजाची तलवार पुजली ना? कुनाची मान कापायलाव?" इंजिन आधी धूर ओकायचं, खोकायचं, मग त्याचा असा घोष लागायचा की पत्रे थरथरायचे. मागं प्रकाशच्या शेतातली फुटलेली कपाशी वाऱ्यानं पऱ्हाटीवरून सुटून बांधापलीकडं उडायची आणि प्रकाश दोन्ही हातांनी हवेतला कापूस धरत ओरडायचा, "आत्या, बास! लय झालं!" तिला ऐकू जायचं नाही. किंवा जायचं.

विमान कधी उडालं नाही. ते उडावं म्हणून तिनं धडपड केली नाही, आणि याबद्दल तिची कीव करणारे फार भेटले. मीही एकदा विचारलं, तुला वाटत नाही का उडावं? तेव्हा ती म्हणाली, "उडवायला परवाना लागंल, वैमानिक लागंल, धावपट्टी लागंल. चालू ठिवायला मी पुरे हाय." मला वाटतं, जुन्या यंत्रावर जीव लावणाऱ्या माणसाबद्दल याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. पुण्याहून एकदा जुन्या विमानांचे दोन हौशी बघायला आले होते. ते शेपटाकडून पंख्याकडं हात न लावता फिरले, देवळात फिरावं तसे. आत्यानं त्यांना चहा दिला आणि पंखावरचे वाकळीचे टाके दाखवले. त्यातल्या एकानं वाकून टाके बघितले आणि म्हणाला, कारखान्यात इतके सारखे पडत नाहीत. जाताना दुसऱ्यानं एका हॉटेलच्या बागेसाठी ते मागितलं. आत्यानं त्याचा रिकामा कप उचलला आणि म्हणाली, "चहा झाला न्हवं तुमचा?"

मग आण्णासाहेब. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की ते तिचा मान करत आहेत. आत्या हो म्हणेल या भरवशावर त्यांनी फाट्यावर पाया भरून घेतला, सिमेंटचा चांगला कमरेइतका चौथरा. आत्या एसटीतून जाता-येता तो बघायची. "पाया भरलाय तर बस म्हनावं सवताच त्याच्यावर," मला म्हणाली. ही आमची शेवटची भेट. शुक्रवारच होता. मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, ती पंखा फिरवत होती, एक पातं, मग दम, मग दुसरं पातं. आतून प्रत्येक वेळी उसासा सोडल्यासारखा आवाज यायचा. मध्येच थांबून, हात पात्यावर तसाच ठेवून म्हणाली, "सुधा, खांबावर चढवलेल्याला कुनी हात लावत न्हाई. वर्सातून एकदा हार घालतेत आनि खाली उभं ऱ्हाऊन फोटू काडतेत. म्या जिती हाय तवर ह्येचा पुतळा करू नका. आनि मेल्यावर तर मुळीच न्हाई." मी हो म्हटलं. मी कमी बोलणारी, माझं हो तिला पुरलं असावं. तिनं पुढचं पातं ओढलं.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर आण्णासाहेब मांडवात बसले. भावकी होती, गावातली माणसं होती. त्यांनी विषय नीट, आदरानं काढला. "आक्का, गोदामावशीचं नाव ऱ्हाईल. खाली फरशी, कारंजं, रातच्याला लाईट. गावाची वळख हुईल." माना हलल्या. मी विचारलं, इंजिनाचं काय? "इंजिन काडावं लागंल. येवढं वजन खांब पेलनार न्हाई." आणि पंख? "पत्र्याचे करू. कापड कुटं टिकतंय उन्हातान्हात." म्हणजे इंजिन नाही, पंखही नाहीत, मग खांबावर चढवणार काय? ते खोटं न बोलता म्हणाले, "आकार. लोकांना आकार दिसला म्हंजी झालं."

"नाही," मी म्हटलं. मांडवातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा आवाज त्यातल्या पुष्कळांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. "आत्यानं नाही म्हटलं होतं. मी ऐकलं आहे."

"लिहून ठिवलंय का मावशीनं काही?" आण्णासाहेबांनी मऊपणानं विचारलं.

"नाही."

"मग घरच्यांनी ठरवायचं. काय पर्काशराव?"

प्रकाश सतरंजीचा धागा ओढत बसला होता. मला त्याचा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं ऐकलेली वैरण-पाण्याची चेष्टा त्यात होती, आणि ती एकदाची संपवायची संधी समोर बसली होती. त्यानं तोंड उघडलं... आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको मंगल बोलली. ती उष्टी ताटं घेऊन उभी होती. "गेल्या दोनी शुक्रवारी पंखा म्या फिरवलाय."

पूजेचं ताट मागणारे तेच काका म्हणाले, "सुतकात?"

"सुतकात म्हशीची धार काडली का न्हाई? तुमाला चहा कशाचा दिला मग? म्हशीला सुतक कळत न्हाई, तिची कास तटतीया. आनि ह्येच्या खालच्या शिलिंडरात तेल उतरतंय, त्येला कुनी सांगावं सुतक हाय म्हनून?" मग ती आण्णासाहेबांकडं वळली, पदर सावरून, अगदी अदबीनं. "आनि साहेब, खांबावर चढवल्यावर दर शुक्रवारी म्या शिडी लावून वर चढायचं का, त्येवढं सांगा."

मांडव हसला. आण्णासाहेबही हसले, आणि हसल्यावर त्यांना पुन्हा पहिल्या सुरात बोलता येईना. "बगू मग," म्हणत उठले. त्यांनी अजून आशा सोडलेली नाही. आठ-पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी हाती निरोप येतो. गावातले काही म्हणतात, बायकांच्या हट्टापायी गावाचा चौक गेला. गेला तर गेला. माणूस गेलं की त्याचं काहीतरी उंचावर टांगायचं आणि खाली फरशी घालायची, म्हणजे आपण मोकळे, ही रीत मला मान्य नाही. तिच्या नावानं कोनशिला नको, तिचा फोटो मोठा करायला नको. तिला जे करताना आम्ही पाहिलं ते करणारे हात हवेत, तेलानं काळे होणारे. निरोप घेऊन येणाऱ्याला मी हेच सांगते, आणि वाटल्यास शुक्रवारी ये म्हणते. अजून कुणी आलेलं नाही. फाट्यावरचा चौथरा मात्र वाया गेला नाही. दुपारच्या उन्हात त्यावर शेळ्या बसतात, रवंथ करत. आत्या असती तर म्हणाली असती, त्यांचा हक्कच आहे.

मी आता दर शुक्रवारी सकाळची एसटी पकडून जाते. मंगल आणि मी मिळून फिरवतो. ती आत चढून स्विच बघते, मी पंख्यापाशी उभी राहते. गेल्या शुक्रवारी मंगलला तिच्या माहेरी जायचं होतं. मी एकटीच शेडमध्ये गेले. आत्यासारखं स्वतःच बघायचं, स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं, एवढाच बेत होता. शिडी जागेवर नव्हती, विमानाच्या अंगाला लावलेली होती. वर कुणीतरी बसलं होतं. आत्याच्या त्या अरुंद जागेत, गुडघे पोटाशी घेऊन, अवघडून. प्रकाश. माझ्याकडं बघेना. त्याच्या अंगावर बाजारात जायचे कपडे होते.

"बाजाराला निघालास ना?" मी विचारलं.

"जाईन मागनं. तू तुझं बग."

मी पुढं गेले. पात्यांना काळा रंग आहे, टोकं पिवळी. एका पात्यावर, मी हात ठेवते त्याच्या बरंच खाली, रंग उडून आतला पांढरा धातू उघडा पडला आहे. तळहाताएवढी जागा. आत्या माझ्याहून ठेंगणी होती. आजवर मी माझ्या उंचीनं, वरतीच धरत होते. त्या दिवशी वाकले आणि तिथं हात ठेवला. गार होतं. घसा साफ करून मी ओरडले, "स्विच बंद?"

वर खुडबुड झाली. वाकून बघत असावा. आत्यानं त्याला कधी शिकवलं नव्हतं, त्यानं शिकून घेतलं नव्हतं. पण वीस वर्षं त्यानं बांधापलीकडून ते ऐकलं होतं, दर शुक्रवारी, लाजेनं मान खाली घालून. मग त्यानं उत्तर दिलं, असं मोठ्यानं की रस्त्यावरून चाललेला सायकलवाला थांबून आत बघायला लागला.

"बंद!"

मी पातं ओढलं.